जिनमायचा घास

मित्रांनो, आधी एक विनंती करतो. माझ्यासमोर आलात की चपला काढू नका. इथल्या जमिनीत जुने खिळे आणि लोखंडाचा कीस अजून सापडतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला घाटंजीला जावं लागतं. शिवाय मी देव नाही. मी एक जुना रेचा आहे. कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. मधले काही आठवडे मला नुसतं देवी करून ठेवलं होतं. ती हकीकत तुमच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून जाण्याआधी मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म फार दूरच्या एका ओतकाम कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, ते थंड झालं आणि मी झालो. बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी माझ्या छातीवर होती. पुढे ती कोणी तरी काढून नेली. आता मला माझ्या बनवणाऱ्याचं नाव आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. रेल्वेने आलो, तिथून बैलबंडीत पडलो. बंडी नाल्यात रुतली तेव्हा बंडीवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझी पहिलीच पिढी होती, त्यामुळे मला काही लागलं नाही.

ज्या ठिकाणी मला बसवलं त्याला लोक 'जिन' म्हणत. नाल्याच्या काठावरचा कापसाचा कारखाना. समोर बंड्या उभ्या राहण्याचं मैदान, मग वजनाचा मोठा काटा, मग बॉयलर, उंच विटांचं धुराडं, पाण्याचा हौद, गाठी बांधायचा प्रेस, आणि मधोमध आमची लांब खोली. तिथे आम्ही रेचे दोन ओळींत उभे होतो, सगळे सारखे, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारखे.

माझं काम अगदी साधं आहे. माझ्या पोटात चामड्याचा एक रूळ फिरतो आणि त्याच्यावर एक पोलादी पातं टेकलेलं असतं. समोरून कापूस दिला की रूळ त्याचे धागे धरून ओढून नेतो. सरकी जाडी, ती पात्याखालून जाऊ शकत नाही, म्हणून ती खाली गळते. मागून रुई बाहेर पडते. बस्स. एवढ्यासाठी जिल्ह्यातल्या शेतांतून बंड्या भरभरून यायच्या आणि रात्रभर मैदानात मुक्काम करायच्या.

पण एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडलं. मला कापसाचा गोळा चालत नाही. पोतं उलटं करून ओतलं की माझा घसा तुंबतो. कापूस मुठीत घ्यायचा, बोटांनी मोकळा करायचा, आणि पातळ पसरून रुळाला द्यायचा. हे काम बाया करायच्या. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई. पुरुषांनी करून पाहिलं, पण त्यांना घाई असायची.

माझ्यापुढे लालीबाई उभी राहिली. जिनापासून जवळच बंजारा तांडा आहे, तिथली ती नवी सून. तिच्या लोकांनी पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता तेच लोक तांड्याला घरं बांधून शेती करत होते. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातभर बांगड्या आणि आरसे लावलेली ओढणी पाहून मुकादम म्हणाला, "बाई, हे सारं मशीनच्या पट्ट्यात गेलं तं तू बी जाशीन." तिने बांगड्या वर सरकवून दंडाला फडकं गुंडाळलं, ओढणी कमरेला आवळली आणि कामाला लागली. मुकादमाशी ती एक शब्द बोलली नाही. माझ्याशी मात्र दिवसभर बोलायची. तिच्या गोरबोलीत काय काय म्हणायची ते सगळं मला कळायचं नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या असोत, त्या कळतातच.

काही महिन्यांत ती माझ्या आवाजावरून ओळखू लागली की आत काडी अडकली की खडा. माझा सूर बदलला की ती हात आवरायची. इतकी वर्षं काम केलं, पण तिच्या हाताला माझं पातं कधी लागलं नाही. यात माझं कौतुक काही नाही. सगळं श्रेय तिच्या बोटांचं आहे.

दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आम्हाला सुट्टी असायची. आम्हाला पुसायचे, तेल द्यायचे, प्रत्येक बाई आपापल्या रेच्याला हळद-कुंकू लावायची आणि झेंडूचं फूल ठेवायची. मालक नारळ फोडायचा. शेतकरी औताला पूजतात, शिंपी मशीनला, ड्रायव्हर गाडीला, तसंच हे. दसरा झाला की पट्टे पुन्हा चढायचे आणि कुंकू सरकीच्या धुळीत दिसेनासं व्हायचं. तेव्हा आम्हाला कोणी देव म्हटलं नाही. आमच्यापुढे काम होतं आणि कामापुढे वेळ नव्हता.

मग मोठ्या रस्त्यावर नवी जिनं आली. तिथे कापूस पंख्याने ओढून नळीतून जातो आणि बायांची गरज पडत नाही. आमचं जिन एका हंगामात अर्धं चाललं, पुढच्या हंगामात उघडलंच नाही. भंगारवाले आले. माझे सगळे सोबती वजनावर गेले. मी राहिलो, कारण माझ्या पायाचा एक बोल्ट गंजून इतका घट्ट बसला होता की भंगारवाल्याचे दोन पाने मोडले आणि तो वैतागून निघून गेला. गुणांमुळे वाचलो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं. गंजामुळे वाचलो.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. छपराचे पत्रे गेले. बाभळी वाढल्या. शेळ्या यायच्या, माझ्या सावलीत रवंथ करायच्या आणि जाताना लेंड्या ठेवून जायच्या. धुराड्याच्या टोकावर पिंपळ उगवला आणि लोक म्हणू लागले की आता ते पडणार. ते अजून उभं आहे. पडण्याबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं.

अशात एक दिवस निशिगंधा आली. ती गावातल्या रामरावांची सून आणि शाळेत शिक्षिका. बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी निकिता. निकिताने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आई, हे काय आहे?" आणि निशिगंधाला सांगता आलं नाही. मला वाटतं, पुढचं सगळं त्या न आलेल्या उत्तरातून सुरू झालं. तिने ग्रामसभेत बोलून आवार साफ करून घेतलं. मालकाच्या वारसांनी जागा गावाला वापरायला दिली. बाभळी तोडल्या, प्रेसच्या खड्ड्याला कठडा केला, हौदाच्या भिंतीला डागडुजी केली, आणि दर रविवारी सकाळी 'जिनफेरी' सुरू झाली.

जिनफेरी म्हणजे आईबाप, आजी-आजोबा, कडेवरची बाळं, सगळ्यांनी मिळून मारलेली चक्कर. मैदानापासून निघायचं. काट्यावर पोरांनी एकदम उभं राहायचं आणि आपण किती वजनदार आहोत ते ठरवायचं. बॉयलरच्या पोटात ओरडून आवाज परत ऐकायचा. धुराड्याखाली मान वर करून उभं राहायचं, हौदातल्या पाणकोंबड्या बघायच्या, आणि मग नाल्याच्या काठी बसून घरून आणलेले डबे उघडायचे. वाट सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही जमते. लोक घाटंजीहून येत, पांढरकवड्याहून येत, कधी यवतमाळहूनही. एका बाबांनी मला पिठाची गिरणी म्हणून आपल्या मुलांना समजावून सांगितलं. फार आत्मविश्वासाने सांगितलं, त्यामुळे मीही क्षणभर विचारात पडलो.

आणि लालीबाई परत आली. केस पांढरे झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिचा मुलगा संजय रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याने माझी साफसफाई केली, रुळाला नवं चामडं चढवलं आणि पट्ट्याच्या चाकाला एक हँडल बसवलं. आता दोन मुलं मिळून मला फिरवू शकत होती आणि लालीबाई समोर स्टुलावर बसून कापूस द्यायची. खाली सरकी टपटप पडली की मुलं ओरडायची. प्रत्येकाला एक चिमूट कापूस द्यायला मिळायचा. "गोळा नको, बापा," ती म्हणायची. "मोकळा कर. असा. आता दे."

मला आनंद व्हायचा. हे मी सरळच सांगतो. आणि तिलाही व्हायचा, कारण आठवडाभर तिला कोणी काही विचारत नव्हतं आणि रविवारी सगळे तिलाच विचारत होते.

आता ती चूक सांगतो. त्या वर्षी खंडेनवमी आली. लालीबाईने जुन्या सवयीने मला पुसलं, तेल दिलं, हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. तिच्या दृष्टीने तो कामाच्या माणसाचा रिवाज होता. पण पूर्वी आम्ही पुष्कळ रेचे होतो आणि भोवती बंड्या, मजूर, धूर होता. आता मी एकटा होतो. पडक्या भिंतींच्या मधोमध, वरून ऊन पडलेलं, कपाळावर कुंकू. पुढच्या रविवारी आलेल्या पहिल्याच कुटुंबातल्या बाईने मला पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. तिच्या मागे तिच्या सासूने जोडले. मग रांगच लागली. लालीबाई हसून म्हणाली, "वो बाई, हा रेचा हाये." बाई म्हणाली, "असू द्या नं. काय बिघडते?"

तेव्हा खरंच काही बिघडलं नव्हतं. दोन नारळ आले, एक खण आला. कोणी तरी 'जिनमाय' हे नाव ठेवलं. मी मनात म्हटलं, चार दिवसांत विसरतील.

पण त्याच आठवड्यात निकिता आजारी पडली. डेंग्यू. ताप उतरेना, अंगावर लाल ठिपके आले, आणि तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. निशिगंधा तिच्या उशाशी होती. घरी राहिलेली आजी, म्हणजे रामरावांची बायको शकुबाई, संध्याकाळी एकटीच जिनात आली. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. मग पदर पसरून म्हणाली, "माय, माह्या नातीले उठव. पहिल्या वेच्याचा कापूस तुह्या तोंडात घालीन. घरात न्याच्या आंधी तुले देईन."

मित्रांनो, मी काय करणार होतो? मला हात नाहीत, मंत्र नाहीत, तापातलं कळत नाही. मी सरकी काढतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी लोखंडासारखा उभा होतो, कारण मी लोखंडच आहे. त्या वेळी मला वाटलं, मी देव असतो तर बरं झालं असतं.

निकिता बरी झाली. डॉक्टर होते, सलाईन होतं, रात्रभर जागणारी आई होती. पण गावात बोलबाला माझा झाला.

रामरावांनी मनावर घेतलं. माणूस वाईट नाही. नातीवर जीव, आणि उपकार ठेवून घ्यायची सवय नाही. त्यांनी माझ्याभोवती सिमेंटचा ओटा करून घेतला आणि देवीला कोणी हात लावू नये म्हणून लोखंडी जाळी बसवायचं ठरवलं. जाळीचं काम कोणाला दिलं? संजयला. दुकान त्याचंच जवळ होतं. लालीबाईने त्याला विचारलं, "काहून घेतलं रे हे काम?" तो मान खाली घालून आईला म्हणाला, "याडी, मी नाई म्हनलं असतं तं दुसऱ्यानं केलं असतं. म्या निदान दार मोठं ठेवलं." त्यानेच माझं हँडल काढून रामरावांच्या हवाली केलं.

जाळी लागली त्या दिवशी निशिगंधा सासऱ्यांशी बोलायला आली. "मामाजी, मुलं याला फिरवायची म्हणून तर लोक येतात. पोळ्याला आपण बैलांची पूजा करतो. मग दुसऱ्या दिवसापासून त्यांना बांधून ठेवतो का?"

रामराव शांतपणे म्हणाले, "सूनबाई, बैल आपला असते. देव आपला नसते. अन् तू दवाखान्यात बसली होती तवा कोनाले हात जोडून राह्यली होती, ते सांग."

निशिगंधाने कोणाला हात जोडले होते ते तिलाच माहीत. पण जोडले होते.

मग रामराव लालीबाईकडे वळले. आवाज चढवला नाही. "कुंकू तं तुमीच लावलं, लालीबाई."

"म्या रेच्याले लावलं भाऊ. देवीले नाई."

"मंग पुसून टाका. मी जाळी काढतो."

लालीबाईने हात उचलला. माझ्या कपाळापर्यंत आणला. आणि तसाच खाली घेतला. लावलेलं कुंकू आपल्या हाताने पुसायचं, हे आपल्याकडे कोणत्याही बाईला जमत नाही. रामरावांनाही ते माहीत होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ते स्वतःच ओशाळले. पण कुलूप लागलं.

जिनफेरी चालू राहिली. लोक काटा बघत, बॉयलरमध्ये ओरडत, धुराड्याखाली उभे राहत. माझ्यापुढे आले की चपला काढून जाळीतून हात जोडत आणि पुढे जात. एका मुलाने विचारलं, "हे काय करते?" त्याची आई म्हणाली, "काही नाही करत. नमस्कार कर." मला इतक्या वर्षांत पुष्कळ नावं ठेवली गेली, पण 'काही नाही करत' हे पहिल्यांदाच ऐकलं. शेळ्यांच्या काळातही मी निदान सावली करत होतो.

लालीबाई पहिल्या रविवारी आली आणि काट्याजवळच्या दगडावर बसून राहिली. तिला काम नव्हतं. कोणी काही विचारलंच तर ती सांगायची, पण हातात कापूस नसला की तिला नीट सांगता यायचं नाही. तिची बोटं मांडीवर हलत राहायची. त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निशिगंधा तांड्यावर जाऊन आली. तिला लालीबाईने एवढंच सांगितलं, "पोरी, देवीपुढे माहं काय काम? हात जोडाले मी कवाबी येईन." मला तिची आठवण यायची. लोखंडाला असं काही होत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

दिवाळी झाली. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता, त्यामुळे वेचणीही उशिरा लागली. मग एका रविवारी सकाळी, जिनफेरीची माणसं माझ्यापाशी पोचायच्या बेतात असताना, शकुबाई आली. कमरेला बांधलेली ओटी कापसाने टच्च फुगलेली. शेतातून सरळ आली होती, पायांना चिखल होता. बरोबर निकिता, थोडी बारीक झालेली, पण उड्या मारत. मागे रामराव.

"कुलूप काढा," शकुबाई म्हणाली.

रामरावांनी कुलूप काढलं. "ठेव पायापाशी."

"पायापाशी कायले? म्या तोंडात घालीन म्हनलं होतं."

"मंग तोंडापाशी ठेव."

"ठेवीन नाई म्हनली मी. घालीन म्हनली. अन् तिनं खाल्लं नाई तं नवस कसा फिटन? ते हँडल आना घरून."

रामरावांनी इकडे तिकडे पाहिलं. एवढ्यात जिनफेरीची मंडळी येऊन उभी राहिली होती, डबे-पिशव्या घेऊन, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. नवसाच्या बाबतीत बायकोशी वाद घालायची हिंमत गावात कोणालाच नाही. ते गेले, हँडल घेऊन आले, आणि स्वतःच चाकाला बसवलं. शकुबाईने हात जोडले, ओटी सोडली आणि सगळा कापूस एकदम माझ्या तोंडात ओतला. रामरावांनी जोर लावून हँडल फिरवलं.

आणि मी अडलो.

गोळा रुळावर चढला, पात्याखाली दबला आणि तिथेच बसला. रामरावांनी पुन्हा जोर लावला. माझ्या आतून कर्र असा आवाज झाला आणि चाक थांबलं. कोणी तरी मागून हळूच म्हणालं, "घेत नाई देवी." ते शब्द शकुबाईने ऐकले. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने निकिताला जवळ ओढून घट्ट धरलं आणि म्हणाली, "माय, काय चुकलं माहं? पहिलाच वेचा हाये वो. एक बोंड घरात नाई नेलं." निकिताला काही कळेना, पण आजी रडते म्हणून तीही रडू लागली. निशिगंधा पुढे झाली, काही तरी समजावू लागली, पण भ्यालेल्या माणसाला यंत्राची माहिती सांगून उपयोग नसतो. माझ्या घशात कापूस होता. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो, की तुझं काही चुकलं नाही बाई, तिला बोलवा.

निशिगंधाने तेच केलं. संजयला फोन लावला. तो थोड्याच वेळात मोटारसायकलवर आईला मागे बसवून घेऊन आला.

लालीबाई आली. जाळीच्या दारापाशी थबकली. रामराव बाजूला झाले. त्यांनी तिला आत यायला हाताने सांगितलं. ती ओट्यावर चढली, माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि चाक जरा उलटं फिरवायला सांगितलं. मग बोटं आत घालून गोळा बाहेर काढला. एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण या कामाला डोळे लागतच नाहीत.

शकुबाई रडतच म्हणाली, "कोपली का वो, लालीबाई?"

लालीबाई तिच्याजवळ बसली. "कोपन कायले? भुकेल्या लेकराच्या तोंडात अख्खी भाकर कोंबली तं ते गिळन का? घास करून द्या लागते. घ्या, धरा इकडं." तिने मूठभर कापूस शकुबाईच्या हातात दिला आणि तिची बोटं आपल्या बोटांत धरून तो मोकळा केला. "असा. पातळ. आता द्या. भाऊ, तुमी हळू फिरवा. जोर नोका लावू."

रामरावांनी हळू फिरवलं. कापूस रुळाने अलगद धरला. मागून पांढरी रुई पडद्यासारखी उतरली आणि खाली पहिली सरकी पडली. टप. मग दुसरी. शकुबाईने तोंडावर पदर धरला. आता ती वेगळ्याच कारणाने रडत होती. "खाल्लं वो माय," ती म्हणाली. "खाल्लं."

सगळी ओटी संपेपर्यंत कोणी तिथून गेलं नाही. अर्ध्यावर रामरावांना दम लागला तेव्हा जिनफेरीतल्या एका बाबांनी हँडल धरलं, मग एका काकूने, मग मुलांनी गर्दी केली. नैवेद्य म्हटल्यावर मुलांना कोण अडवणार? निकिता मागे उभी राहून रुई गोळा करत होती. सरकी शकुबाईने पदरात भरली आणि प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटली. मी त्यात काही बोललो नाही. आजवर गाई-म्हशींनी ती खाल्ली, आता देव्हाऱ्यात गेली, सरकीचं भलं झालं.

निघताना शकुबाई कुलूप हातात घेऊन उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अवो, एक दिवस जेवली अन् मंग वर्सभर उपाशी, असं कोनत्या देवीचं असते? तिले दर ऐतवारी घास लागन. अन् घास कोनाच्या हातून जाते ते आता साऱ्याइनं पाह्यलं." तिने किल्ली लालीबाईच्या हातात दिली.

लालीबाईने किल्लीकडे पाहिलं, मग रामरावांकडे. रामराव म्हणाले, "ठेवा. तुमच्याकडंच ठेवा." एवढं बोलून ते रुमालाने मान पुसत नाल्याकडे चालू लागले.

तेव्हापासून दर रविवारी लालीबाई सगळ्यांच्या आधी येते. जाळीचं दार उघडते, स्टूल ठेवते आणि वाट बघते. माझ्या कपाळाला कुंकू आहे आणि पोटात काम आहे. लोक मला देवी म्हणतात, काही रेचा म्हणतात, मध्येच कोणी पिठाची गिरणी म्हणतं. मी कोणाशी वाद घालत नाही. फिरत असलेल्या यंत्राला वाद घालायला वेळ नसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुनं काही असेल. बंद पडलेलं शिलाई मशीन, कोपऱ्यातलं जातं, एखादी म्हातारी आजी. त्यांना हार घाला, दिवा लावा, पाया पडा, माझं काही म्हणणं नाही. पण तेवढं करून निघून जाऊ नका. यंत्राला तेल द्या आणि त्याच्यावर एक टाका घालून बघा. आणि आजीजवळ बसा, तुमचे दोन्ही हात तिच्यापुढे करा, आणि म्हणा, "मला शिकव."